पेल्याची अट

सौद्यात मी सहसा हरत नाही. दोह्यातल्या मोठ्या हॉटेलांचे खरेदीवाले मला ओळखतात. मी आत गेलो की ते आधी चहा मागवतात आणि मग दार लावून घेतात, कारण माझा आवाज चढतो आणि एकदा चढला की लवकर उतरत नाही. माझा धंदा लाकडी बाकांचा आणि घडीच्या टेबलांचा. कंपन्यांची स्नेहसंमेलनं, रमजानातले तंबू, शाळांच्या जत्रा, ऑक्टोबरात हॉटेलांमध्ये भरणारा जर्मनांचा बिअर-उत्सव. या गावात माणसं जिथे ओळीने बसतात तिथे बहुतेक माझ्याच बाकांवर बसतात. हे मी कुणाच्या ओळखीवर उभं केलेलं नाही. खिळ्यापासून ट्रकपर्यंत प्रत्येक वस्तूचा भाव घासून घेतला आहे. एकच सौदा हातून गेला. तो भावाचा नव्हता, एका काचेच्या पेल्याचा होता, आणि समोरच्या माणसाने बाकी सगळ्याला हो म्हटलं होतं. मुलांना वाटतं, ऑक्टोबर आला की बाबा उगाच चिडचिड करतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

तेव्हा मी तात्यांकडे राहत होतो. तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. वडील मी लहान असतानाच गेले आणि तात्यांनीच मला वाढवलं. आधी फलटणकडच्या आमच्या गावात, आणि मी मिसरूड फुटायच्या वयाचा झाल्यावर इथे कतारला बोलावून घेऊन. दोह्याबाहेरच्या उम्म सलाल मोहम्मद गावात एका कतरी मालकाच्या मोठ्या घरामागे दोन खोल्या होत्या, पुढे फरशीचं अंगण आणि अंगणात एक बोरीचं झाड. तात्या एसी दुरुस्त करायचे. शुक्रवारी त्यांना सुट्टी असे, म्हणजे त्या दिवशी लोकांचे कॉम्प्रेसर घरी येत. बोरीखाली चारपाच कॉम्प्रेसर उघडे पडलेले, त्यांचा तेलकट वास, मागच्या शेतावर पाण्याच्या पंपाची धडधड, मशिदीतून येणारी बांग, आणि आत काकीच्या भाकरी थापण्याचा आवाज. ज्वारीचं पीठ तेव्हा एकाच दुकानात मिळायचं आणि ते हमखास कडू लागायचं. काकी त्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळायची आणि "आता बघ, गोड झाली का न्हाई," असं प्रत्येक वेळी विचारायची. कडूच असायची. मी गोड आहे म्हणायचो. खर्डा मात्र तिचा फर्मास. शेजारी रत्नागिरीचं एक कुटुंब होतं, त्यांच्याकडून मासे यायचे आणि इकडून खर्डा जायचा. चुलतबहीण इंग्रजी शाळेत जायची. तिला मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि तात्यांना त्याचा फार अभिमान होता.

त्या घरात एक नियम होता. शीळ घालायची नाही, ताटावर बोटं वाजवायची नाहीत, आणि गावाकडच्या बँडचं नाव काढायचं नाही. आमची जात वाजंत्र्यांची. तात्या आमच्या बँडचे मास्तर होते. क्लॅरिनेट असं वाजवायचे की तालुक्यात लग्नाची तारीख ठरवण्याआधी लोक त्यांची तारीख विचारायला यायचे. वडील मागच्या ओळीत बेस, म्हणजे खालचा भरदार सूर, वाजवायचे आणि ते गेल्यावर त्यांचा युफोनियम, तो मोठा पितळी बाजा, माझ्या खांद्यावर आला. मी तेव्हा त्याच्याएवढाच उंच होतो. पण ज्यांच्या दारात आम्ही वाजवायचो, त्यांच्याकडे आमच्यासाठी कप वेगळे असत. मांडवाच्या कुडाला तारेने अडकवलेले, कान तुटलेले. चहा पिऊन ते आम्हीच विसळायचे आणि आम्हीच परत अडकवायचे. तात्यांनी हे पंधरा वर्षं केलं. मग तालुक्याला जाऊन एसीचं काम शिकले, क्लॅरिनेट विकून टाकलं आणि इथे आले. इथल्या मराठी मंडळींत ते 'टेक्निशियन' होते. पुण्या-नाशिकचे इंजिनिअर त्यांना अहोजाहो करायचे. त्यांना ते जपायचं होतं. आज मला त्यात काही चूक दिसत नाही. तेव्हा मात्र मी त्यांना भित्रा समजायचो, कारण कॉम्प्रेसरचे नट आवळताना त्यांचा पाना लोखंडावर कुठला ठेका धरतो, हे मला ऐकू यायचं.

बँडमध्ये मला त्यांनी दिलेली शिकवण एकच. वरातीत मास्तर सगळ्यात पुढे, बेसवाले सगळ्यात मागे, आणि बेसवाल्यांच्या पाठीशी नाचणारी पोरं व नवरदेवाचं घोडं. मास्तर तिथून दिसतच नाही. म्हणून तात्या म्हणायचे, "माझ्याकडं बघू नगंस. मागं वळून पायांकडं बघ. पाय हलत्यात तवर बाजा थांबवायचा न्हाई. बाकीचे थांबले तरी तू न्हाई थांबायचं. बेस तुटला की नाचणारा पडतो, आन् पडलेला माणूस उठून आधी बाजावाल्याच्या कानाखाली देतो." हे त्यांनी गंमत म्हणून सांगितलं नव्हतं. माझ्या वडिलांनी तो मार खाल्ला होता.

दोह्यात मला पहिलं काम मिळालं ते एका हॉटेलात, समारंभांची मांडामांड करणाऱ्यांत. टेबलं लावायची, कार्पेट पसरायचं, मंच जोडायचा. आमचा मुकादम फ्रान्सिस, म्हापशाचा, गोवेकर. माझ्याशी मराठी बोलायचा, रागावला की कोकणीत शिरायचा. तात्यांना ही नोकरी पसंत नव्हती. रास लफान हे गॅसच्या कारखान्यांचं गाव तेव्हा नुकतं वाढत होतं आणि तिथले एक इंजिनिअर, कुलकर्णीसाहेब, तात्यांचे गिऱ्हाईक होते. त्यांनी मला तिथे फिटरचा मदतनीस म्हणून चिकटवायचं कबूल केलं होतं. मी त्याचीच वाट बघत बाकं उचलत होतो.

त्या वर्षी हॉटेलने जर्मन उत्सव भरवला आणि त्यासाठी जर्मनीहून बाकं आणि टेबलं मागवली. अरुंद, लांब, पाय घडी करून आत जाणारी. पाय उघडला की लोखंडी खटका बसायचा. मी दोनशे तरी बाकं उघडली असतील. हाताला तो खटका इतका सवयीचा झाला की कुठलं बाक दगा देणार हे मला नुसत्या आवाजावरून कळायला लागलं. पुढे माझा सगळा धंदा त्या खटक्यावर उभा राहिला, पण ते नंतरचं.

त्या लोकांची रीत मला नवी होती. एका टेबलाला दहा जण, त्यातले निम्मे एकमेकांना अनोळखी, आणि तरीही खांद्याला खांदा लावून. मालक आणि त्याचा ड्रायव्हर एकाच बाकावर बसलेले मी तिथे पहिल्यांदा पाहिले. बिअर लिटरभराच्या जाड काचेच्या पेल्यांत. रिकामा पेलासुद्धा मनगटाला जड. वाढणाऱ्या बायका असे दहा दहा पेले दोन हातांत घेऊन गर्दीतून वाट काढायच्या. पाव हाताएवढा, गाठ मारलेला, वर जाडं मीठ. आणि या सगळ्याच्या मधोमध, उंच मंचावर, बँड. मांडवाबाहेर नाही, कुडाजवळ नाही. लोक जेवता जेवता बँडकडे तोंड करून बसत. आणि बँडवाल्यांच्या खुर्चीपाशी प्रत्येकाचा स्वतःचा पेला, लोकांसारखाच, तोच लिटरभराचा. मी पहिल्या दिवशी मंचाचे बोल्ट आवळत खाली बसलो होतो आणि ते पेले मोजत होतो. आठ वाजवणारे, आठ पेले.

तिसऱ्या दिवशी त्यांचा ट्यूबा वाजवणारा पायऱ्यांवरून पडला आणि त्याचं मनगट मोडलं. ट्यूबा म्हणजे युफोनियमचा थोरला भाऊ, मांडीवर घेऊन बसायचा. सकाळी मी मंच झाडत होतो. ट्यूबा खुर्चीवर एकटाच पडलेला. मी इकडेतिकडे बघितलं आणि फुंकला. पहिली फुंकर नुसतीच हवा गेली. दुसरी लागली. तिसऱ्यांदा मी वरातीची चाल धरली आणि अख्ख्या रिकाम्या हॉलमध्ये ती घुमली. मागे वळलो तर फ्रान्सिस उभा, आणि त्याच्या शेजारी बँडचा मास्तर. त्याचं नाव अलोईस. साठीचा, भरघोस पांढऱ्या मिशा, गुडघ्यापर्यंतची चामडी चड्डी.

फ्रान्सिस पुटपुटला, "मेलास तू आता."

अलोईसने विचारलं, "आणखी काय येतं?"

दोन दिवस सकाळी तालीम झाली. त्यांचं संगीत बेसवाल्याला अवघड नाही. ऊम्-पा, ऊम्-पा, डावा पाय आणि उजवा पाय. पोल्का म्हणजे जरा घाईतली वरात. ओठ सुजले, पण जमलं. मध्येच एक छोटी संथ चाल यायची. फ्रान्सिसने सांगितलं, ती पेले उचलायची चाल. दर पाव तासाने वाजते, सगळे गातात, मग एक-दोन-तीन म्हणतात. तालमीत त्या तीनच्या पाठोपाठ लगेच पोल्का सुरू व्हायचा आणि त्याची सुरुवात बेसची होती. म्हणजे माझी. मी ते पक्कं डोक्यात बसवलं. तालमीत कुणाकडे पेले नव्हते. सकाळी नऊ वाजता कोण पिणार. त्यामुळे खऱ्या कार्यक्रमात त्या तीननंतर काय होतं, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

घरी मी सांगितलं होतं, शुक्रवारी दुपारी कामावर जादा पाळी आहे. काकीने डबा दिला. तात्या कॉम्प्रेसरमध्ये डोकं घालून होते. "मंगळवारी कुलकर्णीसाहेबांकडं जायाचं हाय," एवढंच म्हणाले. "दाढी करून ये."

शुक्रवारची दुपारची बैठक मोठी असायची. नमाज आटोपला, दारं उघडली आणि तासाभरात हॉल भरला. मला एका जर्मनाची चामडी चड्डी दिली होती, कमरेला दोरीने बांधलेली. बसायला शेवटची खुर्ची, ट्यूबावाल्याची. तिच्यापाशी पेला नव्हता. हॉटेलच्या माणसाने कामावर असताना दारूला हात लावायचा नाही, असा नियम, म्हणून वाढणारीने माझी खुर्ची सोडून सात पेले ठेवले. मी ते पाहिलं. त्या वेळी काही वाटलं नाही. वाजवायची घाई होती.

पहिले दोन पोल्के झाले. मग ती संथ चाल आली. लोक बाकांवर उभे राहिले. माझा जीव खालीवर, कारण उजवीकडच्या तिसऱ्या ओळीतलं एक बाक सकाळीच मला संशयाचं वाटलं होतं. सगळे गाऊ लागले, डुलू लागले. आइन्स, त्स्वाय, द्राय! पाचशे पेले वर गेले. आणि मी, तालमीत ठरल्याप्रमाणे, पोल्क्याचा बेस सुरू केला.

एकट्याने.

बाकी सगळे पीत होते. क्लॅरिनेटवाला, ट्रंपेटवाले, ढोलवाला, स्वतः अलोईस, सगळ्यांनी वाद्यं मांडीवर ठेवून पेले तोंडाला लावलेले. हॉलमध्ये घोटांचा आवाज आणि माझं ऊम्-पा, ऊम्-पा. मला चूक कळली ती दुसऱ्या की तिसऱ्या ठोक्याला. कोणीही शहाणा माणूस तिथे थांबला असता. पण मी थांबायच्या आधी खाली बघितलं, सवयीने, बाकांवर. पाय हलत होते. पिता पिता लोकांचे पाय हलत होते. मग मी काय करणार? दोन्ही हात बाज्यावर होते, उचलायला समोर पेलाही नव्हता. मी वाजवत राहिलो. कुणीतरी हसलं. मग कुणीतरी बाकावर टाच आपटली, मग सगळी ओळ, मग सगळा हॉल. टाळ्या नाहीत, नुसत्या टाचा, माझ्या बेसबरोबर. मी मोजत होतो. चार-चार ठोक्यांचे सोळा फेरे. सोळाव्याला लोक दमले, पाय थांबले, आणि मी थांबलो.

जो गलका झाला तो मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. अलोईस माझ्याकडे बघत होता, मिशांना फेस लागलेला. मग त्याने हात केला आणि अख्खा बँड पोल्क्यात शिरला.

मधल्या सुट्टीत मंचाखाली एक गृहस्थ येऊन उभे राहिले. कुलकर्णीसाहेब. कंपनीतल्या जर्मनांबरोबर आले होते.

"अरे, तू दिनकर ना? तात्यांचा पुतण्या? मंगळवारी येणार आहेस तो?"

"हो साहेब."

"हे कुठे शिकलास बाबा? गावी काही होतं का तुमचं?"

मला घरचा नियम आठवला. पण त्या टाचा अजून कानात होत्या. "बँड होता," मी म्हणालो. "तात्या मास्तर होते."

"काय सांगतोस! कधी बोलले नाहीत!" ते खूश झाले होते, खरंच. त्यांच्या मनात काही नव्हतं. माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "रक्तातच असावं लागतं हे!" मी पुढे बरीच वर्षं त्या वाक्यातला माझा अपमान शोधत राहिलो. आता वाटतं, बहुधा नव्हताच. पण खात्री नाही.

घरी पोचलो तर फोन माझ्याआधी पोचला होता. तात्या अंगणात उभे होते, हात तेलाचे.

"कुलकर्णीसाहेबांचा फोन हुता. इचारत हुते, पोरगं कुठं शिकलं."

"मग?"

"शाळंत शिकलं, म्हनलं."

"मी त्यांना आधीच सांगितलंय, तात्या. बँड होता म्हणून."

ते तसेच वळले. आत जाऊन हात धुतले. पुष्कळ वेळ धुतले. साहेबांनी मंगळवारची भेट मोडली नव्हती, उलट नक्की पाठवा म्हणाले होते. पण तात्यांना त्या फोनवर आपण खोटं बोललो आणि समोरच्याला ते माहीत होतं, हे टोचत होतं. काकीने ताटं मांडली. शुक्रवारचं मटण होतं. सगळे जेवले, पण काकीने भाकरी गोड लागते का, ते विचारलं नाही.

त्यानंतर चार दिवस मी वाजवलं. अलोईसने ती चूक तशीच ठेवायला सांगितली. दर बैठकीला एकदा, तिसऱ्या पेल्याला, बँड थांबायचा आणि मी एकटा वाजवत राहायचो. लोक दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन ते बघायला यायचे. मंगळवारी मी कुलकर्णीसाहेबांकडे गेलो नाही. तात्यांना सांगितलं, बुधवारी जाईन. बुधवारी सकाळी अलोईसने मला बोलावलं.

हॉल रिकामा. बाकं भिंतीला रचलेली. एका उघड्या टेबलावर तो, मी आणि मध्ये दुभाषा म्हणून फ्रान्सिस. अलोईसचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं होतं. तो म्हणाला, इथून आम्ही बहारीनला जाणार, मग मस्कत, मग दुबई, सगळा हिवाळा. आमच्या माणसाचं मनगट एवढ्यात बरं होत नाही. तू चल. पुढच्या वर्षी जर्मनीलाही बघू.

हे मी लिहितोय तेवढ्या सहज त्याने सांगितलं. रास लफानची बस, हेल्मेट आणि पाना एका बाजूला. दुसऱ्या बाजूला मंचावरची ती खुर्ची. मला ती खुर्ची इतकी हवी होती की मी लगेच हो म्हटलं नाही. हवी असलेली वस्तू हवी आहे असं दाखवायचं नाही, हे तेव्हाही मला कळत होतं.

"माझ्या तीन अटी आहेत," मी म्हणालो.

फ्रान्सिस माझ्याकडे बघतच राहिला. "अरे बाबा, देव दार उघडता आणि तू कडी तपासतोस?"

"तू फक्त सांग त्याला."

पहिली अट फेट्याची. हॉटेलच्या जाहिरातवाल्यांनी सुचवलं होतं की मी चामड्या चड्डीवर फेटा बांधला तर आणखी मजा येईल. मी म्हणालो, फेटा बांधणार नाही. अलोईस म्हणाला, मलाही तो आवडला नव्हता. खलास. दुसरी अट नावाची. शेवटी तो एकेका वादकाचं नाव घेऊन त्याला उभं करायचा, माझ्या वेळी नुसतं 'आमचा हिंदुस्थानी दोस्त' म्हणायचा. माझं नाव घ्यायचं, दिनकर. त्याने दोनदा उच्चार करून बघितला, तिसऱ्यांदा बरा जमला. कबूल.

"तिसरी," मी म्हणालो, "माझ्या खुर्चीपाशी पेला पाहिजे. सगळ्यांसारखा. त्यात पाणी भरा, काही भरू नका, मला बिअर नको. पण पेला पाहिजे."

फ्रान्सिसने सांगितलं. अलोईस आधी हसला. मग हसू ओसरलं आणि तो विचार करायला लागला. त्याचं उत्तर फ्रान्सिसने शब्दाला शब्द सांगितलं:

"पेला असेल तर तूही तो उचलशील. तू पेला उचललास तर बाजा थांबेल. मग लोक कशाला हसतील? बिचाऱ्या ट्यूबावाल्याला पेला नाही म्हणून तो वाजवतो, गंमत ती आहे."

"मी पेला नाही म्हणून वाजवत नव्हतो."

"मग कशासाठी?"

मी पायांचं सांगितलं. वरातीचं सांगितलं. फ्रान्सिसला ते इंग्रजीत कितपत जमलं कोण जाणे. अलोईसने मान हलवली, समजल्यासारखी. मग म्हणाला, "चांगलं आहे. पण लोकांना पेला नसलेला ट्यूबावाला दिसतो. तेवढंच पुरे."

"पेला ठेवलात तर काहीच उरत नाही का? ट्यूबा उरतो की!"

"ट्यूबा वाजवणारे," तो शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे गावागावांत आहेत."

हा माणूस दुष्ट नव्हता. दर वेळी लिहायला बसलो की मला त्याला दुष्ट करावंसं वाटतं. पण त्याने तीनपैकी दोन अटी दिल्या होत्या, धंद्याची बाजू खरी सांगितली होती, आणि मी आज त्याच्या जागी असतो तर हेच बोललो असतो. फ्रान्सिस टेबलाखालून माझा पाय दाबत होता. "एक पेला रे, साधी काच. तुला हवा तर मी रोज शंभर धुवायला देतो." तो हे गमतीने बोलला, मला निवळवायला. त्याला कुडाला अडकवलेले कप कसे माहीत असणार? पण माझं डोकं तिथे फिरलं. मी उठलो. ट्यूबाचं मुखपात्र, म्हणजे ओठांना लावायचा पितळी तुकडा, माझ्या खिशात होतं, ते टेबलावर इतक्या जोरात ठेवलं की लाकडाला खोक पडली. जे बोललो ते मराठीत बोललो. फ्रान्सिसने त्याचं भाषांतर केलं नाही. अलोईसने विचारलंही नाही. त्याला सुरावरून कळलं असावं.

त्या दुपारी मी पुन्हा बाकं लावायला आलो. उरलेले दिवस त्यांनी ट्यूबाशिवाय काढले. वरून वाजत होतं, मी खाली खटके तपासत होतो. मंचाखालून ऐकताना बँड पोकळ वाटत होता. मला त्याचं समाधान वाटलं, असं लिहिलं तर ते खरं आहे.

घरी आलो तेव्हा ऊन कललं होतं. तात्या बोरीखाली, पुढ्यात कॉम्प्रेसर. पाच दिवसांत आम्ही धड बोललो नव्हतो. मी शेजारी पायरीवर बसलो.

"उद्या साहेबांकडे जातो," मी म्हणालो.

"आन् ते जर्मन?"

"सोडलं. ते म्हणतात चूक वाजव. रोज तीच चूक."

तात्यांनी पाना ठेवला. "कसली चूक? साहेबांनी सांगितलं मला फोनवर, बाकीचे थांबले आन् तू एकलाच वाजवत हुतास म्हनं."

"हो."

"पाय हलत हुते?"

"हलत होते."

"कुठवर वाजवलंस?"

"थांबेपर्यंत. सोळा फेरे."

"मधी तुटला न्हाई?"

"नाही."

तात्यांनी पाना पुन्हा उचलला. नट आवळला, पुरा आवळला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग चुकलं कुठं?" आणि आत बघून हाक मारली, "अगं, चहा टाक. दोघांना एकसारखे कप आन, ते काचेचे."

काचेचे कप घरात चारच होते आणि ते इंजिनिअर मंडळी आली की निघायचे. काकीने काही न विचारता आणले. आम्ही चहा प्यायलो. त्या दिवसापासून घरातला नियम मोडला असं काही झालं नाही. तात्यांनी बँडचं नाव पुढेही काढलं नाही. पण मी ताटावर बोटं वाजवली तर ते उठून जात नसत.

रास लफानला मी सहा वर्षं काढली. नंतर बाकांचा धंदा सुरू केला. जर्मन बाक कुठे मोडतं ते मला माहीत होतं. माणसं पेला उचलायला उभी राहतात तेव्हा, मधल्या खटक्याशी. मी तिथे दुहेरी पट्टी टाकली. आजतागायत माझं एक बाक मोडलेलं नाही. त्याच हॉटेलला मी अठरा वर्षं बाकं पुरवतोय. तात्या गावी परत गेले आणि तिथेच वारले. फ्रान्सिस म्हापशाला आहे, फोनवर अजून मला म्हणतो, "एका काचेपायी दुबई घालवलीस." मी फोन आपटतो. दोन दिवसांनी पुन्हा मीच लावतो.

एकट्या ट्यूबाचा तो प्रकार हॉटेलात अजून चालू आहे. अलोईस यायचा केव्हाच बंद झाला. आता दर वर्षी वेगळा बँड येतो, पण 'तहानलेला ट्यूबा' कार्यक्रमपत्रिकेत छापलेला असतो. कुणी सुरू केला, ते कुणालाच माहीत नाही. एकदा कराराच्या वेळी मी खरेदीवाल्याला म्हणालो, तो प्रकार बंद करा, मी बाकांचा दर खाली आणतो. त्याला वाटलं मी विनोद करतोय. मी कधी दर खाली आणत नाही, म्हणून.

गेल्या ऑक्टोबरात शुक्रवारी दुपारी मी बाकं तपासायला गेलो आणि मुदपाकखान्याच्या दाराशी उभा राहिलो. तिसरा पेला आला. बँड थांबला. ट्यूबावाला कोवळा पोरगा होता, गाल फुगवून, डोळे फिरवून वाजवत होता, नुसता तमाशा. आता त्यांनी त्याला शेवटही जोडलाय. वाढणारी बाई लाल फीत बांधलेला पेला घेऊन मंचावर येते, त्याच्यापुढे धरते, तो झडप घालतो आणि बाजा टाकून देतो. लोक हसतात. मी मोजले. आठ फेरे. आठव्याला त्याला पेला मिळाला आणि त्याने तोंडाला लावला.

मी खाली बघितलं. माझ्या बाकांवर लोकांचे पाय अजून हलत होते.